कापडी भिंतींची वस्ती

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या दरीत ‘अपर पाइन्स’ नावाचं कॅम्पग्राउंड आहे, म्हणजे तंबू ठोकून राहायची जागा. तिथे आपल्या वाट्याला काय येतं, हे सांगायला फार वेळ लागत नाही. नंबर लिहिलेला एक खांब. गाडी उभी करायला डांबराची आखूड पट्टी. बाक जोडलेलं एक जाडजूड टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं, एक भलीथोरली लोखंडी पेटी, आणि तंबूपुरती बऱ्यापैकी सपाट माती. नळ आणि संडास सामाईक. आंघोळीची सोय नाही. फारच वाटलं तर दरीतल्याच करी व्हिलेज ह्या हॉटेलवजा वस्तीत जाऊन पैसे देऊन करायची. अशा एका जागेला साइट म्हणतात, आणि तिच्यावर जास्तीत जास्त सहा माणसं आणि दोन गाड्या. भाडं रात्रीला ३६ डॉलर, पार्कात शिरायचं तिकीट वेगळं.

माझ्या एका मित्राला हा व्यवहार अजिबात पटत नाही. “छप्पर तुझं, अंथरूण तुझं, स्वयंपाक तूच करणार. मग छत्तीस डॉलर कशाचे?” असं तो दर वेळी विचारतो. तो स्वतः पार्काबाहेरच्या हॉटेलात उतरतो, सकाळी गाडी काढून आत येतो, धबधबे बघतो, हाफ डोम नावाच्या प्रसिद्ध कड्याचे फोटो काढतो आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडतो. बघायचं ते सगळं बघतो बिचारा. मी त्याच्यापेक्षा कमीच बघत असेन, कारण माझा निम्मा दिवस पाणी भरण्यात, भांडी घासण्यात आणि टॉर्च कुठे ठेवला ते शोधण्यात जातो. पण योसेमिटीत मला आवडतं ते हेच. एवढ्या प्रचंड ग्रॅनाइटच्या भिंतींच्या पायथ्याशी बसून कांदा चिरायचा. चिरता चिरता वर बघितलं की तीन-चार हजार फूट उभा कडा. पुन्हा खाली बघून कांदा.

मात्र हा संसार आपल्या मर्जीने मांडता येत नाही. इथलं सगळं आधीच ठरलेलं असतं, आणि गंमत म्हणजे ते आपल्या सोयीने ठरलेलं नसतं. कॅम्पग्राउंडचा रस्ता बघा. एकदिशा, झाडांमधून वळसा घालून परत तिथेच येणारा. त्याला जागोजागी फुटलेल्या गाड्यांच्या पट्ट्या, पट्टीच्या कडेला दगड नाहीतर ओंडके. अमेरिकेतल्या बहुतेक सरकारी कॅम्पग्राउंडांचा नकाशा असाच दिसतो, आणि तो एका झाडांच्या डॉक्टरने काढला आहे. एमिलिओ माइनेकी हे वनस्पतिरोगतज्ज्ञ. १९२०च्या दशकात मोटारी सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या तसे लोक थेट कुरणात गाडी घालायला लागले, आवडेल त्या झाडाच्या बुंध्याशी तंबू ठोकायला लागले. कॅलिफोर्नियातल्या महावृक्षांवर ह्या गर्दीचा काय परिणाम होतो ते तपासायचं काम माइनेकींकडे आलं. त्यांनी दाखवून दिलं की चाकांनी आणि पावलांनी माती घट्ट दाबली जाते, तिच्यात हवा-पाणी मुरत नाही आणि मुळं गुदमरतात. झाड वरून हिरवंगार दिसत असतं, खाली त्याचा श्वास कोंडत असतो.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ह्यावर उपाय मांडला. माणसांना उपदेश करत बसू नका. गाडीला एकच जागा द्या, ती दगडांनी बंदिस्त करा, टेबल आणि चूल कायमची बसवून टाका. माणूस आपोआप टेबल, चूल आणि तंबू ह्या त्रिकोणातच फिरेल, बाकीची माती सुटेल. मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देण्यासाठी १९३३ ते १९४२ अशी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर नावाची सरकारी योजना होती. त्या पोरांनी देशभर अशी कॅम्पग्राउंडं बांधली. टेबल सावलीत सरकवावंसं दर दुपारी मला वाटतं आणि त्याला हात लावून बघितल्यावर ते माइनेकींच्या बाजूचं आहे हे कळतं.

झाडांच्या खालोखाल इथे मान अस्वलाचा. खरं तर खालोखाल कसला, दिवस मावळला की वरचढच. ती लोखंडी पेटी त्याच्यासाठी आहे. तिला सगळे बेअर बॉक्स म्हणतात. ४५ इंच रुंद, ३३ इंच खोल, १८ इंच उंच. खाण्याची प्रत्येक वस्तू तिच्यात जायला हवी. आणि खाण्याची म्हणजे अस्वलाच्या मते खाण्याची: टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम, रिकामी वेष्टनं, कचऱ्याची पिशवी. आपण समोर बाकावर बसलेलो असलो तरी पेटीला कडी हवी. अंधार पडल्यावर गाडीत बिस्किटाचा पुडाही ठेवायचा नाही. नियम मोडला तर दंड ५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

पेटीची कडी मात्र बघण्यासारखी असते. दाराच्या पत्र्यात एक खोबण, तिच्यावर लोखंडी झाकण. आपण बोटं खालून आत सरकवायची, आतली पट्टी दाबायची, मग दार सुटतं. माणसाची बोटं वाकतात म्हणून हे जमतं. अस्वलाचा पंजा त्या खोबणीत शिरत नाही. पहाटेच्या थंडीत, चहापत्ती काढायला गेलेल्या माणसाची बोटंही तिथे धड वाकत नाहीत, तो भाग निराळा. दार ओढलं की जे काही करकरतं, त्याने शेजारच्या तंबूतल्यांनाही कळतं की इथे आता चहा होणार.

अस्वलांना ही सवय लावली कोणी? माणसांनीच. १९२०च्या दशकात योसेमिटीच्या दरीत संध्याकाळी दिव्यांच्या झोतात कचरा खाणारी अस्वलं बघायला लोक गर्दी करत, आणि हा खेळ पार्काच्याच आश्रयाने चाले. १९४० साली तो बंद झाला, पण माणसाच्या अन्नाची गोडी काही गेली नाही. ती आयांनी पिल्लांना शिकवली. १९९८ साली ह्या एका पार्कात अस्वलांनी केलेल्या उपद्रवाच्या दीड हजारांवर घटना नोंदल्या गेल्या आणि नुकसान साडेसहा लाख डॉलरच्या घरात गेलं. मग पेट्या, दंड आणि रेंजरांच्या रात्रीच्या फेऱ्या ह्यांचा सपाटा लागला, आणि पुढच्या काळात घटना नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या.

ह्या सगळ्यातून एक शास्त्रीय निबंधही निघाला. २००९ साली ‘जर्नल ऑफ मॅमॉलॉजी’त तो छापून आला. २००१ ते २००७ ह्या काळात योसेमिटीत अस्वलांनी ९०८ गाड्या फोडल्या होत्या. त्या कुठल्या प्रकारच्या होत्या ते संशोधकांनी तपासलं. पहिला नंबर मिनीव्हॅनचा, सुमारे २६ टक्के. पार्किंगमध्ये मिनीव्हॅन जेवढ्या उभ्या होत्या त्या मानाने हे प्रमाण कितीतरी जास्त. कारणांबद्दल त्यांनी काही अंदाज केले आहेत, त्यातला मला सगळ्यात पटलेला असा की मिनीव्हॅनमधून लहान मुलं जातात आणि लहान मुलं जिथे बसतात तिथे खाऊ सांडतो. ज्याच्या घरी पोरं आहेत त्याला ह्यावर वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

संध्याकाळी पाच वाजता कॅम्पग्राउंडला जाग येते. मे ते सप्टेंबर दरीत शेकोटी पेटवायची ती पाच ते दहा एवढ्याच वेळात; नाहीतर धुराने दरी भरून जाते. दरीत लाकूड गोळा करायला बंदी आहे, खाली पडलेलं वाळकं लाकूडही नाही, कारण ते कुजून परत मातीत जायचं आहे. घरून ओंडके आणावेत तर पन्नास मैलांच्या आतलेच आणा म्हणतात. लाकडाबरोबर किडे प्रवास करतात आणि नव्या जंगलाचा फडशा पाडतात. म्हणजे जंगलात राहून लाकूड विकत घ्यायचं. पहिल्यांदा ऐकलं की हसू येतं. मग प्लॅस्टिकने बांधलेली मोळी घेऊन येतो, बारीक ढलप्या काढतो, फुंकून फुंकून डोळ्यांत पाणी आणतो. धूर ज्याच्या तोंडावर येतो तो उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो आणि धूरही त्याच्यामागे जातो. ह्याचं कारण मी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांबरोबर शेकोटीला बसलो तेव्हाही कळलं नाही, कारण ते स्वतःच जागा बदलण्यात गुंतले होते.

आणि मग शेजार. अपर पाइन्समध्ये दोनशेच्या वर साइट आहेत आणि दोन साइटींच्या मध्ये कधी एक झाड असतं, कधी तेही नसतं. निवांत एकांत शोधायला येणाऱ्याने इथे येऊच नये. ही अगदी चाळ आहे, फक्त भिंती कापडाच्या. समोरच्यांच्या तंबूत दिवा लागला की आत कोण उशी झटकतंय ते सावलीवरून कळतं. पलीकडे कुणी तरी पत्त्यांत हरतंय. मागच्या आरव्हीवाल्याने, म्हणजे चाकांवरचं घर घेऊन आलेल्याने, जनरेटर ठरलेल्या वेळेपेक्षा पाच मिनिटं जास्त चालवला तर आजूबाजूच्या चार टेबलांवरून माना वळतात. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची, आणि ती खरोखर पाळली जाते. मग उरतात ते झिपचे आवाज. रात्रभर कोणी ना कोणी झिप उघडून टॉर्च घेऊन संडासाकडे निघालेलं असतं. घोरण्याच्या तऱ्हा ऐकून उद्या सकाळी नळावर त्या माणसाला ओळखता येईल असं वाटतं, पण ओळखता येत नाही. बारीक चणीच्या, अतिशय सभ्य दिसणाऱ्या आजीबाईही त्यात असू शकतात.

नळावरच्या गप्पांची एक ठरलेली वाट आहे. कुठून आलात, किती दिवस आहात, आणि अस्वल दिसलं का. ओहायोचा निवृत्त शिक्षक आणि सॅन होजेतला प्रोग्रामर हातात प्लॅस्टिकचे डबे घेऊन एकाच रांगेत उभे असतात. कॅम्प होस्ट म्हणून बऱ्याच कॅम्पग्राउंडांवर एखादं वयस्क जोडपं हंगामभर आपल्या आरव्हीत मुक्काम ठोकून असतं. काम स्वयंसेवेचं. त्यांना कुठल्या साइटवर चिखल होतो, कुठल्या टेबलावर ‘जे’ नावाचा निळा तुरेवाला पक्षी सकाळी हमखास पाव पळवतो, सगळं ठाऊक असतं.

इथे जागा मिळणं हा मात्र चीड आणणारा प्रकार आहे. एकेका महिन्याच्या तारखा पाच महिने आधी, १५ तारखेला सकाळी सात वाजता ऑनलाइन खुल्या होतात, आणि उन्हाळ्यातल्या जागा काही मिनिटांत संपतात. ज्याचं इंटरनेट वेगवान आणि ज्याला पाच महिन्यांनंतरची रजा आज मागता येते, त्याचंच हे पार्क, असं वाटायला लागतं. गिर्यारोहकांच्या कॅम्प ४ वर थोडी वेगळी तऱ्हा आहे: माणशी दहा डॉलर, आणि एका साइटवर सहा जण, मग ते एकमेकांना ओळखत असोत वा नसोत. जगभरच्या गिर्यारोहकांनी एल कॅपिटनसारखे कडे चढायचे बेत इथल्या टेबलांवर आखले. २००३ साली ह्या जागेची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली. एका कॅम्पग्राउंडची. मला तर ते फार योग्य वाटतं.

जागांची टंचाई आहे त्यात नदीचाही हात आहे. जानेवारी १९९७ मध्ये मर्सेडला असा पूर आला की तिच्या काठची अपर रिव्हर आणि लोअर रिव्हर ही दोन कॅम्पग्राउंडं धुऊन निघाली. ती पुन्हा काही उभी राहिली नाहीत. काठ नदीला परत देऊन टाकला. इतकी मागणी असताना हा निर्णय टिकला ह्याचं मला कौतुक वाटतं, आणि १५ तारखेला सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी तेवढाच रागही येतो.

निघायच्या दिवशी उरलेलं सरपण घरी न्यायचं नसतं. ते शेजाऱ्याला द्यायचं, हा इथला अलिखित रिवाज. आम्ही तंबूची घडी घालत होतो तेव्हाच पलीकडच्या साइटवर नवीन मंडळी येऊन उतरली. मी अर्धी मोळी नेऊन दिली, नळ दाखवला, पेटीची कडी कशी उघडते ते दाखवलं. गृहस्थांनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, “अस्वल दिसलं का?” मी नाही म्हणालो. ते जरा हिरमुसले, बाईंना बरं वाटलेलं दिसलं. मागे त्यांचा तीनेक वर्षांचा मुलगा हातातला क्रॅकर चुरडत गाडीतून उतरत होता. गाडी मिनीव्हॅन होती. मी त्यांना एवढंच म्हणालो, अंधार पडायच्या आत बाळाची खुर्ची तेवढी झाडून घ्या.