ताईचं छिद्र आणि ताईची झडप

दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी सातव्या महिन्यात ताईला आडवं पडवेना. भिंतीला उशा लावून बसल्या-बसल्या रात्र काढायची. जिना चढताना दम तर आधीपासूनच लागायचा, पण घरात सगळ्यांचं एकच: रक्त कमी आहे, खजूर खा.

टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दोन दुखणी निघाली. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, हे जन्मापासूनचं. आणि डावीकडची मायट्रल झडप आकसलेली, हे मागाहून जडलेलं. या जोडीला लुटेमबाकर सिंड्रोम म्हणतात. रेने लुटेमबाकर या फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये त्याचं वर्णन केलं.

आईला खोदून विचारलं तेव्हा तिला आठवलं. ताई चौथीत असताना घसा धरला होता, मग ताप, मग एक गुडघा उतरला की दुसरा सुजायचा. निरगुडीचा पाला बांधला, बरं वाटलं, सगळे विसरले. तो रुमॅटिक फिव्हर होता. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्या झडपांवरही उलटतं. सांधे सुधारतात, झडप मात्र पुढे कित्येक वर्षं आकसत राहते. लहान मुलाचे सांधे असे आळीपाळीने सुजले, तर आधी घसा दुखला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

ताई इतकी वर्षं तगली ती त्या छिद्रामुळेच, हे मला अजूनही पचत नाही. झडपेपाशी तुंबलेलं रक्त छिद्रातून उजवीकडे जात होतं, म्हणून फुप्फुसांवरचा ताण हलका राहिला. पण त्या जादा रक्ताने उजवी बाजू फुगत गेली. छिद्र असलं की झडपेचा बिघाड तपासणीत कमी भासू शकतो. एका ठिकाणच्या जुन्या रिपोर्टात नुसत्या छिद्राचाच उल्लेख होता. तेवढंच बुजवलं असतं, तर तुंबलेल्या रक्ताला वाटच उरली नसती आणि फुप्फुसांत पाणी भरलं असतं. विचारानेही अंगावर काटा येतो.

बाळंतपण गोळ्यांवर निभावलं. नंतर मांडीच्या शिरेतून नळी घालून आधी फुग्याने झडप उघडली, मग छिद्रावर ते बुजवणारं डिव्हाइस बसवलं. छाती उघडावी लागली नाही.

रुमॅटिक फिव्हर पुन्हा उलटू नये म्हणून आता दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. कमरेत घेतात, फार दुखतं, त्या दिवशी ताईला नीट बसवतही नाही. तारीख ती स्वतः कालनिर्णयावर लिहून ठेवते, आणि लग्नकार्य असलं तरी चुकवत नाही.