विटा, मिरज आणि बेस६४

कुपवाडच्या एमआयडीसीत आम्ही वजनकाट्यांचे इंडिकेटर बनवतो. गाडी काट्यावर चढली की वजन, गाडीनंबर आणि गावाचं नाव सर्व्हरला जातं. वाटेत अक्षरं फुटू नयेत म्हणून प्रत्येक फील्डचं आधी बेस६४ करतो, म्हणजे कुठलेही बाइट इंग्रजी अक्षरं, आकडे, + आणि / अशा ६४ साध्या चिन्हांत लिहितो. त्यासाठीची सीमधली छोटी लायब्ररी जुन्या बोर्डापासून चालत आलेली. नवा एआरएम बोर्ड आला आणि तिचं टेस्टिंग, डॉक्युमेंटेशन माझ्या गळ्यात पडलं.

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली. बेस६४चं मानक म्हणजे २००६ सालचं आरएफसी ४६४८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज). त्यात 'फूबार' या इंग्रजी शब्दाचे तुकडे आणि त्यांची उत्तरं दिलेली आहेत. सगळी पास. पण त्या उत्तरांत कुठे + नाही, / नाही, आणि मूळ शब्दात १२७च्या वरचा एकही बाइट नाही. आमच्या काट्यावर फूबारची गाडी कधी येत नाही! म्हणून सांगली जिल्ह्यातली गावं घातली.

विटा घातलं तर बोर्डावर बरोबर, लॅपटॉपवर भलतंच. इंटेलच्या मशीनवर जीसीसी हा सीचा कंपायलर साधा कॅर (एक बाइटचा प्रकार) साइन्ड, म्हणजे ऋण आकडेही घेणारा, धरतो; एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड, म्हणजे फक्त ० ते २५५. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे सगळे बाइट १२७च्या वरचे. साइन्ड धरून उजवीकडे सरकवले की आकडा ऋण होतो आणि ६४ चिन्हांच्या तक्त्याच्या बाहेरचं वाचलं जातं. मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या ॲड्रेस सॅनिटायझरनं नेमकी ओळ दाखवली. सगळीकडे अनसाइन्ड कॅर केलं, आणि आता टेस्ट साइन्ड आणि अनसाइन्ड असे दोन्ही कंपायलर फ्लॅग लावून चालतात. क्यूईएमयू या एम्युलेटरवर बिग-एंडियन (आकड्याचा वरचा बाइट आधी ठेवणारं) मशीनही बघून घेतलं, तिथं काही निघालं नाही.

तेवढ्यात सर्व्हर बघणाऱ्या पोराचा फोन. "सर, मिरज नीट येतंय की, मग विटाच का फुटतंय?"

कागद घेऊन बिट मांडले तेव्हा उलगडलं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि बेस६४ गटही तीनतीन बाइटचेच पाडतं. त्यामुळे नुसत्या देवनागरी शब्दात एका चिन्हाची बरोब्बर चार अक्षरं होतात. 'स'ची चार-के-एस-चार. कान्याच्या चौकडीत शेवटी कायम +, ऱ्हस्व वेलांटीच्या शेवटी कायम /. आमचा मजकूर यूआरएलच्या क्वेरीतून, म्हणजे ? नंतरच्या भागातून, जातो; तिथल्या + ची सर्व्हर मोकळी जागा करतो, / मात्र खपून जातो. मिरजेत काना नाही, म्हणून ती सुखरूप पोचायची. मानकात यूआरएलसाठी + आणि / च्या जागी - आणि _ वापरणारी वेगळी वर्णमाला आहेच, ती घेतली.

याची दुसरी बाजूही आहे. सांगली, तासगाव, जत, काहीही घाला, शेवटी = येतच नाही, म्हणजे पॅडिंगची (शेवटचा गट तीन बाइटचा भरला नाही की जोडायच्या = ची) टेस्ट होतच नाही. कवठे महांकाळ कामाला आलं: मधल्या एका स्पेसमुळे एक बाइट उरतो आणि == मिळतात. पुढे आणखी एक स्पेस जोडली की एकच =.

डॉक्युमेंटेशनमध्ये जास्त वेळ बफरच्या मापात गेला. n बाइटना ४ × ((n + २) / ३), भागाकार पूर्णांकी, वर सीमधल्या स्ट्रिंगच्या शेवटच्या शून्यासाठी एक. हे हेडरमध्ये फंक्शनच्या डोक्यावरच लिहिलं, कारण वेगळी फाइल कोणी उघडत नाही. चुकीचं अक्षर आलं तर डीकोडर तिथंच थांबून एरर देतो, हेही तिथंच. = गाळून पाठवणाऱ्यांसाठी वेगळं फंक्शन दिलंय; मुख्य डीकोडर ढिला करायला मी तयार झालो नाही. उदाहरण म्हणून खाली विटा आहे, पुण्याच्या ग्राहकांनाही तेच जातं.