इतर हक्कातली आत्या

आमच्या तालुक्याच्या गावात वकिलाच्या ओट्याखाली चपला काढल्या, की त्या कोणाच्या हे संध्याकाळपर्यंत बाजारपेठेला कळतं. माझ्या चपला पुण्याच्या, लाल पट्ट्याच्या. सकाळी अकराला काढल्या आणि दुपारी तीनला वहिनीचा फोन आला. "वन्सं, वकिलाकडं गेला होता म्हणं?"

गेले होते. त्याआधीची चार वाक्यं सांगते. २०२२ च्या दिवाळीनंतर अण्णा गेले. मागे आई, आजी (म्हणजे अण्णांची आई, नव्वदीपार), दादा, मी आणि धाकटी बहीण. सातारा जिल्ह्यात तीन एकर बारा गुंठे जमीन, त्यात ऊस आणि थोडी हळद, गावठाणात घर, बँकेत ठेव. दादा गावी राहून शेती करतो, मी पिंपरीत शाळेच्या ऑफिसात, धाकटी नवी मुंबईत. आमच्यात भांडण नव्हतं. म्हणजे तोवर नव्हतं.

फेब्रुवारीत ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सहज सांगितलं, की 'आपली चावडी' या सरकारी साइटवर गावाचं नाव टाकलं की चालू फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतले बदल, दिसतात, हरकतीच्या शेवटच्या तारखेसह. मी गंमत म्हणून आमचं गाव टाकलं. आमचाच गट नंबर आला. वारस नोंदीचा फेरफार, वारस दोन : पत्नी आणि मुलगा. मुली नाहीतच. हरकतीला चार दिवस उरले होते.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, तुम्ही हक्कसोड देणारच आहात की. मग कशाला नावं चढवायची नि उतरवायची? दोनदा खर्च." आवाजात कपट नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. कोणीतरी अर्ज भरून दिला, प्रतिज्ञापत्र टाइप करून दिलं, त्याने सही केली.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी पकडली.

या वकिलांचं ऑफिस म्हणजे जुन्या घराची पुढची खोली. बाप आणि मुलगी दोघंच वकील, एक कारकून आणि एक मुलगा, जो टायपिंगही करतो आणि चहाही आणतो. म्हाताऱ्या वकीलसाहेबांनी पन्नासेक वर्षं वाटण्या, पोटगी, दत्तकपत्रं, मृत्युपत्रं एवढंच केलं. फौजदारीला कधी हात लावला नाही. वकीलताईंनी पुण्यात शिकून तेच पुढे चालवलंय. ओट्यावरच्या बाकावर नेहमी पाचसहा माणसं असतात आणि त्यातली निम्मी पक्षकार नसतात. कोणाच्या जन्मदाखल्यात आडनाव चुकलंय, कोणाला गॅझेटमध्ये नाव बदलायचंय, कोणाला बँकेचं पत्र वाचून हवंय. गावात कोणाचं तेराव्याचं जेवण झालं, की चारआठ दिवसांत त्या घरी वकीलताईंकडून एक छापील कागद जातो : मृत्यूदाखल्याच्या प्रती काढून ठेवा, वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्या, सगळ्या वारसांची नावं द्या. तो कागद आमच्याही घरी गेला होता. वहिनीने तो पंचांगात ठेवला होता.

मी तावातावाने सगळं सांगितलं. वकीलताईंनी ऐकलं आणि विचारलं, "दादा बोलतो का तुमच्याशी?"

म्हटलं, काल बोलला.

"मग अजून वेळ आहे. पण हरकतीला वेळ नाही, ती आत्ता लिहू."

मात्र त्याआधी त्यांनी मला अनपेक्षित गोष्ट सांगितली. दादाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाचे कागद याच ऑफिसने केले होते. "तुमच्या भावाला मी पक्षकार म्हणून ओळखते. त्यामुळं हरकत कशी लिहायची ते तुम्हाला सांगेन, ती तुमच्या सहीने जाऊ दे. पुढं मी कोणाची वकील, हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचं. तुमची परवानगी असेल तर मी त्याला स्वतः फोन करते. तो नको म्हणाला तर मी कोणाचीच नाही. तालुका विधी सेवा समितीकडं जा, महिलांना उत्पन्नाची अट न घालता तिथं मोफत वकील मिळतो."

मला तेव्हा हे खटकलं. मी एवढ्या लांबून आलेय, आणि ही बाई मला दुसरीकडे पाठवायची भाषा करतेय! लहान गावातल्या वकिलाकडे जाण्यातली ही अडचण मला आधी सुचलीच नव्हती. तो आपल्याला ओळखतो म्हणून बरं वाटतं, पण तो समोरच्यालाही तितकाच ओळखतो.

हरकत अर्ध्या पानाची झाली. मयताच्या दोन मुली आणि आई हयात असताना त्यांची नावं वगळली आहेत, एवढंच. मी तर दादाने काय काय केलं ते लिहायच्या तयारीत होते. ताई म्हणाल्या, "ते इथं नको. लिहिलेलं पुसता येत नाही." पोच घेतली आणि आमचा फेरफार विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, गाव नमुना ६अ मध्ये, जाऊन बसला.

हो, आईसुद्धा. मयताची आई ही वर्ग एकची वारस असते, बायको आणि मुलांच्या बरोबरीने. हिंदू वारसा कायद्यात हे १९५६ पासून आहे, पण आजीचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. मीही नाही. माझ्या मनातल्या हिशोबात घराचे चार वाटे होते. निघाले पाच.

दादा आला, आठ दिवसांनी. फोन आला म्हणून आला, पण तयारीनिशी. त्याला कोणीतरी शिकवून पाठवलं होतं. "हिचं लग्न ब्याण्णवला झालं. चौऱ्याण्णवच्या कायद्यात ही बसत नाही. धाकटीचं सत्त्याण्णवला झालं, ती बसते."

खरं होतं ते. महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती केंद्राच्या अकरा वर्षं आधी केली, २२ जून १९९४ पासून. पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या. म्हणजे दोन वर्षांच्या फरकाने मी बाहेर आणि धाकटी आत. वकीलसाहेब तोवर कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "नऊ सप्टेंबर दोन हजार पाच. केंद्राची दुरुस्ती. त्यात लग्नाची अट नाही. तुझे अण्णा तेव्हा हयात होते का?"

"होते."

"मग संपलं."

मग पेपर खाली केला. "प्रतिज्ञापत्रावर सही करताना वाचलं होतंस का रे?"

दादा काही बोलला नाही. मला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटलं पाहिजे होतं, पण तो छप्पन्न वर्षांचा माणूस शाळेतल्या पोरासारखा खाली बघत होता आणि मला चहाचा कप कुठे ठेवावा ते कळेना.

शेवटी ठरलं की वकीलताई तडजोडीचा मसुदा करतील, सगळ्यांचा मिळून एकच. सही करण्याआधी प्रत्येकाने तो दुसऱ्या कोणत्याही वकिलाला दाखवायचा, ही त्यांचीच अट. धाकटीने वाशीत दाखवला आणि दोन बदल सुचवून आणले. ताईंनी ते केले.

पण मसुदा सुरू होण्याआधीच गाडी अडली ती सातबाऱ्यावरच्या एका नावापाशी. वकीलसाहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "आणि हिचं काय?" इतर हक्काच्या रकान्यात आत्याचं नाव होतं.

ज्यांनी जुने सातबारे पाहिलेत त्यांना हा रकाना माहीत असेल. डावीकडे कब्जेदार, म्हणजे जमीन ज्यांच्या नावावर ते, उजवीकडे इतर हक्क. तिथे सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कूळ, आणि घरातल्या लेकी-बाळी. अण्णांच्या नावाला 'ए.कु.मॅ.', एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी शेपटी. वकीलसाहेबांनी जुन्या फेरफाराची नक्कल काढून आणायला लावली. आजोबा १९७८ मध्ये गेले, त्यानंतरचा फेरफार. शाईने लिहिलेला, वळणदार अक्षर. वारसांत आत्याचं नाव आणि पुढे शेरा : 'मुलगी, लग्न होऊन सासरी नांदते.' म्हणून इतर हक्कात.

सासरी नांदते! आत्याचे यजमान ती तिशीत असतानाच गेले. तिने दुसऱ्यांच्या शेतात हळद काढून दोन मुलं वाढवली. दर भाऊबीजेला ती यायची, अण्णा तिला साडी द्यायचे, आणि त्या जमिनीत तिचा हिस्सा आहे हे त्या घरात कोणी मोठ्याने बोललं असेल असं मला आठवत नाही. मीही तिला कधी विचारलं नाही. माझं नाव गाळलं म्हणून मी पहाटेची एसटी पकडली. तिचं नाव चव्वेचाळीस वर्षं बाजूला पडलं होतं आणि मी तोच सातबारा पीककर्जाच्या वेळी दोनदा प्रिंट करून दिला होता.

जमिनीचं गणित त्यामुळे बदललं. आजोबांचा हिस्सा आधी, मग त्यातला आजीचा, आत्याचा, अण्णांचा, मग अण्णांच्या पोटचे. ताईंनी तीन पानं आकडेमोड केली. ती मी इथे देत नाही, कारण ती प्रत्येक घराची वेगळी निघते आणि कोणी आमचे आकडे बघून आपले मांडायला नकोत.

आत्याला बोलावलं. दादाने धरून चाललं होतं की ती हक्कसोड देईल. खरं सांगायचं तर मीही. तिने ओट्यावर बसून सगळं ऐकलं, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "आधी माझं नाव वर घ्या. सोडायचं का न्हाई ते मग बघू."

त्यानंतर वकीलताई एकदा आमच्या घरी आल्या, आजीला विचारायला. आजी खाटेवरच असते. त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर घालवलं, मलाही. पाऊण तास दार लावून होतं. आत काय बोलणं झालं ते मला आजवर माहीत नाही. मी एकदा आडून विचारलं तर ताई म्हणाल्या, "आजीला विचारा." आजीला विचारलं तर ती म्हणाली, "पोरगी चांगली हाय वकिलाची."

ठेवीवरून थोडी ओढाताण झाली. नॉमिनी दादा होता आणि वहिनीच्या मते नॉमिनी म्हणजे मालक. ताईंचं म्हणणं, नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, वाटप वारसाहक्काने. आम्ही तसंच लिहिलं. मजा म्हणजे आमची तडजोड झाली त्याच्या पुढच्याच आठवड्यात, डिसेंबर २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत नेमकं हेच सांगितलं, आणि तेही 'कालनिर्णय'च्या जयंत साळगावकरांच्या मालमत्तेच्या प्रकरणात. ताईंनी बातमीचं कात्रण दादाला पाठवलं. दादाने ते मला पुढे ढकललं, खाली एक हात जोडलेलं चित्र.

रीत अशी केली : आम्ही बहिणींनी वाटपाचा दावा लावला, तडजोडीचा कागद दाखल केला आणि डिसेंबरातल्या शनिवारी राष्ट्रीय लोक अदालतीत तो ठेवला. कोर्टाच्या आवारात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, बँकांचे थकबाकीदार, विजेच्या बिलांचे तंटे आणि त्यात आम्ही. पॅनेलने प्रत्येकाला वेगळं विचारलं, राजीखुशीने का. आत्याने दोनदा "व्हय" म्हटलं, दुसऱ्यांदा मोठ्याने. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून हे विचारणं नुसतं उपचारापुरतं नव्हतं. सह्या, अंगठे, फोटो. दोन तासांत बाहेर.

सरस-निरस बघून प्रत्यक्ष तुकडे आम्ही पाडलेच नाहीत. नावं सगळ्यांची, कसतो दादा, उसाच्या बिलातून कोणाला काय ते लिहिलंय. विहिरीच्या पाळीचंही लिहिलंय. ते सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेलं.

ओळखीपाळखीचा वकील म्हणजे सोयच, असं मात्र समजू नका. महिनाभर मला बाजारात कोणीही थांबवून "मिटलं का?" विचारायचं. आणि गावात राहून हे काम करणं त्यांनाही फुकट पडत नाही. एका बड्या घरच्या सुनेच्या पोटगीचं प्रकरण ताईंनी घेतलं, तेव्हा वर्षभर काही दुकानदार त्यांच्याशी धड बोलत नव्हते, असं कारकून सांगत होता. ताईंनी त्याला मध्येच तोडलं, "स्टॅम्प आणलेस का?"

फी आमच्याकडून त्यांनी घेतली, रीतसर, पावतीसकट. आत्याकडून नाही. आत्याने जानेवारीत हळकुंडांची पिशवी नेऊन दिली. वकीलसाहेबांनी एक हळकुंड मोडून बघितलं, आतला रंग पाहून भाव विचारला, आणि मग दोघं हळद साठवायच्या पेवांवर अर्धा तास बोलत बसले.

फेरफार मंजूर झाला मार्चमध्ये. मी डिजिटल सहीचा सातबारा काढला, पंधरा रुपये ऑनलाइन भरून, आणि रंगीत प्रिंट घेऊन आत्याकडे गेले. तिला वाचता येत नाही. मी कब्जेदाराच्या रकान्यात तिच्या नावावर तिचं बोट ठेवलं. तिने ते बोट उजवीकडच्या रकान्यात नेलं.

"आन् हितं?"

"इथं आता फक्त सोसायटीचा बोजा आहे."

"त्यो कोण फेडायचा?"

म्हटलं, कागदात लिहिलंय, दादा. तिने प्रिंट घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आणि चहा टाकायला उठली. हक्कसोडीचं तिने अजून काढलेलं नाही. दादानेही विचारलेलं नाही.