एप्समचा उतार

घोडा जिंकला की फोटो जॉकीचा येतो आणि हरला की शिव्याही जॉकीलाच बसतात. ट्रेनरचा हिशोब मांडायचा तर लोक त्याने जिंकलेल्या मोठ्या शर्यती मोजतात. मला हे मोजमाप अपुरं वाटतं. माझ्या ट्रेनरचं मी पाहिलेलं सगळ्यात अवघड काम न पळवलेल्या घोड्याचं होतं, आणि ते ज्या दिवशी झालं त्या दिवशी शर्यतच नव्हती.

मी इंग्लंडमधल्या न्यूमार्केट या घोड्यांच्या गावात वर्क रायडर आहे. शर्यतीत मी बसत नाही. पहाटे घोडे बाहेर काढायचे, त्यांच्याकडून मेहनत करून घ्यायची आणि उतरल्यावर ट्रेनरला सांगायचं, आज तो कसा पळाला, श्वास कसा होता, कुठे अडखळला. भारतातल्या तबेल्यांमधून आलेले आमच्यासारखे बरेच जण इथे हेच काम करतात. काम कष्टाचं आहे, पण घोडा आतून कसा आहे हे जेवढं आम्हाला कळतं तेवढं स्टँडमधून दुर्बीण लावूनही कळत नाही.

त्या वर्षी आमच्याकडे तीन वर्षांचा एक कोल्ट, म्हणजे तरुण नर घोडा होता. नाव लिहीत नाही, तबेल्यात आम्ही त्याला ‘मोठा’च म्हणायचो. काळी आयाळ, रुंद छाती आणि टाप अशी लांब की शेजारच्या घोड्याला दोन टाकाव्या लागतील तिथे याची एक पुरायची. वसंतात एक शर्यत जिंकला, मग डर्बीच्या, म्हणजे एप्समला होणाऱ्या इंग्लंडमधल्या सगळ्यात मानाच्या शर्यतीच्या, एका ट्रायलमध्ये (आधीच्या चाचणी शर्यतीत) दुसरा आला, तोही शेवटच्या फर्लांगात (मैलाच्या आठव्या भागात) जोर धरत. ट्रायलमध्ये शेवटी जोर धरणारा घोडा दिसला की सगळे म्हणतात, याला अजून अंतर हवं, डर्बी याचीच. आमच्या तबेल्यातही तेच चाललं होतं आणि मीही त्यात होतो. डर्बी फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची, म्हणजे घोड्याच्या आयुष्यात ती एकदाच येते. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोयच नाही.

न्यूमार्केटची एक गोष्ट इथे सांगायला हवी. आमच्या रोजच्या मेहनतीची जागा म्हणजे वॉरन हिल, आणि ती चढाची आहे. चढावर घोड्याला मागच्या पायांनी जोर लावावा लागतो, छाती वर राहते, तोल आपोआप सावरतो. मोठा त्या चढावर राजासारखा दिसायचा. न्यूमार्केटच्या सकाळी पाहून डर्बीचा घोडा ठरवणाऱ्यांनी हा चढ नेहमी लक्षात ठेवावा.

एप्सम नेमकं उलटं आहे. डर्बी दीड मैलाची, साधारण 2,400 मीटर. पहिला अर्धा मैल चढ, मग माथा, आणि तिथून डावीकडे वळत वळत टॅटनहॅम कॉर्नरपर्यंत उतार. वळण संपलं की जेमतेम चार फर्लांगांची सरळ, पण तीही सपाट नाही. जमीन आतल्या रेलिंगकडे कललेली आहे, त्यामुळे दमलेला घोडा नकळत डावीकडे ओढला जातो. शेवटी पुन्हा थोडा चढ. पहिली डर्बी 1780 साली झाली. लोक या कोर्सला कितीतरी वर्षं नावं ठेवत आलेत, की हे रेसकोर्स नव्हे, डोंगर आहे, इथे चांगला घोडा हरतो. माझं मत वेगळं आहे, ते पुढे येईलच.

मे महिन्यात डर्बीच्या आधी काही ट्रेनर आपले घोडे एप्समला नेऊन तो उतार एकदा दाखवून आणतात. आमच्या ट्रेनरनेही ठरवलं. मोठ्यावर स्टेबल जॉकी, म्हणजे तबेल्याचा ठरलेला जॉकी, आणि त्याच्या सोबतीला तांबड्यावर मी. तांबडा लहानसर, हँडिकॅपच्या, म्हणजे कमीजास्त वजन देऊन बरोबरी साधणाऱ्या शर्यतींमधला साधा घोडा. त्याचं काम एवढंच, की पुढे राहून वेग द्यायचा आणि सरळीत मोठ्याला वाट करून द्यायची.

पहाटे अंधारात निघालो, लंडनला वळसा घालून एप्समला पोचलो. जमीन चांगली होती, किंचित ओलसर. मोठ्याच्या मालकीणबाई आधीच येऊन उभ्या होत्या. कित्येक वर्षं त्यांनी घोडे पाळले, डर्बीत एकही पळला नव्हता. त्या मोठ्याच्या मानेवर हात ठेवून त्याच्याशी काहीतरी बोलत होत्या. आम्ही लगाम धरून दुसरीकडे पाहत राहिलो.

माथ्यावरून निघालो. मी पुढे, तो माझ्या मागे तीन लांब्यांवर (एक लांबी म्हणजे एका घोड्याएवढं अंतर). उतार सुरू झाला आणि तांबड्याने माझ्या हाताखाली असा काही पाय टाकला की मला नवल वाटलं. डावं वळण आलं तसा त्याने स्वतःहून डावा पाय पुढे घेतला, मान सैल सोडली आणि पाणी वाहावं तसा खाली गेला. मी काहीच करत नव्हतो. मागून मात्र टापांचा आवाज बिघडलेला ऐकू आला. चौखूर धावणाऱ्या घोड्याच्या टापांना एक ताल असतो. तो तुटला की मान न वळवताही कळतं.

मोठा उजव्या पायावरच राहिला होता. डाव्या वळणावर, उतारावर, एवढी लांब टाप, एवढा जड खांदा आणि पुढे उजवा पाय. सगळं वजन पुढच्या दोन पायांवर आलं. त्याने डोकं वर फेकलं आणि वळणावर बाहेर सरकत गेला. जॉकीने त्याच्याशी ओढाताण केली नाही, हे त्याचं मोठेपण. अशा वेळी लगाम ओढला तर घोडा त्याच लगामावर टेकतो आणि आणखी पुढे झुकतो. सरळीत त्याने पाय बदलला, पण जमिनीच्या कलाने आता डावीकडे, माझ्या अंगावर येऊ लागला. मग शेवटच्या दोन फर्लांगांत जमीन जरा सावरल्यावर तो मोठा मूळचा मोठा झाला आणि आरामात माझ्या पुढे गेला. लांबून पाहणाऱ्याला एवढंच दिसलं असतं, की चांगला घोडा साध्या घोड्याला सहज मागे टाकून गेला.

ट्रेनरने आधी मला विचारलं. त्याची ही पद्धत आहे. जॉकीचं नाव मोठं, तो आधी बोलला की बाकीचे त्याच्या सुरात सूर मिसळतात. मी पाहिलं आणि ऐकलं तेवढं सांगितलं. त्याने विचारलं, “ताल कुठे तुटला?” मी म्हणालो, “वळण सुरू व्हायच्या आधीच. उतार लागला तिथेच.” त्याने मान डोलावली, खाली बसून मोठ्याचे चारही पाय चाचपले, दुखापत नाही याची खात्री केली आणि मग जॉकीकडे वळला.

जॉकीचं उत्तर मला अजून आठवतं. “मी बसेन. बाहेरून नेईन, गर्दीत वेग लागला की तोही वाहत जाईल. पण जिंकेन असं वाटत नाही.” डर्बीतली राइड हातातून जाणार हे ठाऊक असूनही तो हे बोलला.

लोक जॉकीला फार लवकर दोषी ठरवतात. 1986 च्या डर्बीत डान्सिंग ब्रेव्ह हा घोडा अर्ध्या लांबीने शहरस्तानी या घोड्याकडून हरला आणि सगळं खापर त्याच्या जॉकीवर, ग्रेव्हिल स्टार्कीवर फुटलं, की फार मागे ठेवला, फार उशिरा सोडला. स्टार्की मागे होता हे खरंच. पण तो घोडा उतारावर तोल सावरू शकत नव्हता हेही तितकंच खरं. ज्याचे पाय खाली जमत नाहीत त्याला वळणावर पुढे कसं न्यायचं? त्याच वर्षी डान्सिंग ब्रेव्हने एक्लिप्स, किंग जॉर्ज आणि पॅरिसची आर्क या मोठ्या शर्यती जिंकल्या. घोडा महान होता, एप्सम त्याचं नव्हतं.

जॉकी रायन मूरचंही तसंच. त्याचा ट्रेनर एडन ओब्रायन डर्बीत अनेक घोडे उतरवतो आणि कुठल्यावर बसायचं हे बहुधा मूर ठरवतो, असं सगळे धरून चालतात. 2017 ला मूर क्लिफ्स ऑफ मोहरवर होता, जिंकला त्याच तबेल्याचा विंग्ज ऑफ ईगल्स, जॉकी पॅड्रिग बेगीच्या हाताखाली, सट्ट्यात 40 ला 1 च्या भावाने. 2019 ला मूर सर ड्रॅगोनेटवर, जिंकला अँथनी व्हॅन डाइक. 2020 ला मूर मोगलवर, जिंकला सर्पेंटाइन. 2025 ला मूर डेलाक्रोआवर, जिंकला लॅम्बर्न, जॉकी वेन लॉर्डन. मूरने सोडलेला घोडा घ्या, असं लोक हसत म्हणतात. मूरला घोडा कळत नाही असं म्हणणाऱ्याने घोडा जवळून पाहिलेला नाही, असं मला वाटतं. त्याच्याकडे असतं ते सकाळचं काम आणि ट्रायलची धाव. त्यातून वेग कळतो, स्वभाव कळतो. तो उतार मात्र घोडा तिथे गेल्याशिवाय सांगत नाही. आणि ओब्रायनच्या 2025 पर्यंतच्या 11 डर्बी मोजणाऱ्यांनी हेही पाहावं, की ऑगस्ट रोदॅं आणि सिटी ऑफ ट्रॉय हे दोघेही गिनीजमध्ये, म्हणजे डर्बीआधी न्यूमार्केटला होणाऱ्या मैलाच्या मोठ्या शर्यतीत, साफ मागे पडले होते आणि चार आठवड्यांनी डर्बी जिंकले. हरलेल्या घोड्यावर विश्वास ठेवणं आणि चांगल्या पळालेल्या घोड्याला थांबवणं, दोन्हीला एकच नजर लागते.

त्या सकाळी आमच्या ट्रेनरला यातलं दुसरं करायचं होतं. तो मालकीणबाईंकडे गेला. घोडे फिरवत आम्ही जवळच होतो, त्यामुळे बोलणं कानावर येत होतं. त्याने गोल गोल काही सांगितलं नाही. “हा इथला घोडा नाही. मी त्याला डर्बीत पळवणार नाही.”

बाईंनी विचारलं, “जॉकी बसायला तयार आहे ना?”

“आहे. मी तयार नाही.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी दुसऱ्या ट्रेनरकडेही जाऊ शकते.” आवाजात राग नव्हता. घोडा त्यांचा, पैसे त्यांचे, आणि दुसरा कोणीही ट्रेनर आनंदाने हो म्हणाला असता. डर्बीत घोडा असणं ही तबेल्याची जाहिरात असते. त्या दिवशी शर्यतीच्या कार्डवर नाव छापून आलं की पुढच्या वर्षी नवे मालक येतात. हे सगळं पणाला लावून आमचा ट्रेनर म्हणाला, “जाऊ शकता. पण त्याला नेताना त्याच्या पुढच्या पायांकडे पाहून न्या. वीसेक घोड्यांच्या गर्दीत तो ज्या वेगाने तो उतार उतरेल, त्या वेगाने त्याला आज मी उतरू दिलेलं नाही.” मग त्याने फ्रँकेलचं नाव घेतलं. ट्रेनर सर हेन्री सेसिलने 2011 मध्ये गिनीज सहा लांब्यांनी जिंकणाऱ्या घोड्याला डर्बीला नेलं नाही, अ‍ॅस्कॉटला मैलाच्या शर्यतीत पळवला. फ्रँकेल 14 पैकी 14 शर्यती जिंकून निवृत्त झाला आणि त्याच्या नावापुढे डर्बी नाही म्हणून त्याला कोणी कमी लेखत नाही.

आमचा मोठा फ्रँकेल नव्हता, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं, बाईंनाही. पण त्या ऐकत होत्या.

मी मध्येच विचार करत होतो की तांबड्याचं काय? तोल त्याच्याकडे होता. उतार त्याच्यासारखा कोणी उतरला नसता. पण डर्बीला नुसता तोल पुरत नाही, सरळीत वेग हवा, तो त्याच्याकडे नव्हता. म्हणूनच एप्समला नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. ज्याच्याकडे वेग, दम, डोकं आणि तोल चारही आहेत असा घोडा शोधायला इथल्यासारखी जागा नाही. 1981 ला शेरगार दहा लांब्यांनी जिंकला, 2009 ला सी द स्टार्सने गिनीज, डर्बी आणि आर्क एकाच वर्षी जिंकली. अशा घोड्यांचं मोठेपण त्या उतारानेच उघड केलं. हा डोंगर सपाट करून डर्बी सोपी केली तर ती आणखी एक दीड मैलाची शर्यत उरेल.

बाई शेवटी एवढंच म्हणाल्या, “मग त्याच्यासाठी कुठली शर्यत?” ट्रेनर म्हणाला, “सपाट मैदान, दहा फर्लांग. घाई नाही.” घोडा आमच्याकडेच राहिला. त्या डर्बीला आमच्या तबेल्याचा एकही घोडा नव्हता आणि आमच्यातल्या काही मुलांनी ते मनाला लावून घेतलं.

मोठा उन्हाळ्यात यॉर्कला पळाला. यॉर्क तळहातासारखं सपाट. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याचा ताल कुठे तुटला नाही, आणि तो दुसरा आला. जिंकला असता तर तबेल्यातला वाद मिटला असता. माझे दोन सोबती अजून म्हणतात, यॉर्कला दुसरा येणारा घोडा एप्समला चौथा तरी आला असता, आणि डर्बीत चौथा म्हणजे काय थोडं आहे? मी त्यांना दर वेळी तो तुटलेला ताल सांगतो. ते म्हणतात, तू पुढे होतास, तू पाहिलं कुठे? पाहिलं नाही, ऐकलं, आणि ट्रेनरनेही तेच धरलं. पुढच्या मे महिन्यात पुन्हा कुठला तरी घोडा एप्समला जाईल आणि आम्ही पुन्हा याच्यावरच भांडू.