तुम्ही विचारलंत म्हणून : सोबत उत्तर का नसते?

जुन्या संगणकांवरचे कोड्यांचे खेळ मी शोधतो आणि ओळखीच्यांना पाठवतो. ‘लेव्हल पाठवता, मग तिचे उत्तर का पाठवत नाही?’ असे मला नेहमी विचारले जाते. हा प्रश्न बहुधा सोकोबानविषयी असतो, कारण मी सर्वांत जास्त वाटलेला खेळ तोच आहे.

हिरोयुकी इमाबायाशी यांनी रचलेला हा खेळ थिंकिंग रॅबिट या जपानी कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणला. रखवालदाराने गोदामातल्या पेट्या ढकलत ठरलेल्या जागी न्यायच्या, एवढेच काम. मात्र पेटी ओढता येत नाही आणि एका वेळी एकच ढकलता येते. त्यामुळे कोपऱ्यात गेलेली पेटी कायमची अडकते. सलग भिंतीला टेकलेली पेटी भिंतीलगतच सरकत राहते आणि त्या ओळीत ठरलेली जागा नसेल तर डाव तिथेच बुडालेला असतो, पण हे आपल्या ध्यानात यायला पुष्कळदा आणखी वीस-पंचवीस चाली जाव्या लागतात.

माझ्या जुन्या फ्लॉपींना पावसाळ्यात बुरशी लागली आणि त्यांतले बरेच खेळ गेले. सोकोबानच्या लेव्हल मात्र वाचल्या, कारण त्या मी चौकटीच्या वहीत उतरवून ठेवल्या होत्या : हॅशचे चिन्ह म्हणजे भिंत, डॉलर म्हणजे पेटी, टिंब म्हणजे पेटीची जागा आणि ईमेलच्या पत्त्यातले ‘ॲट’ म्हणजे रखवालदार. आजही लेव्हल अशाच साध्या मजकुरात लिहिल्या जातात, म्हणून त्या पत्रातूनसुद्धा पाठवता येतात. विकत मिळणाऱ्या मूळ खेळाच्या नकला मी वाटत नाही. नवख्याला मी डेव्हिड स्किनर यांच्या ‘मायक्रोबान’ संचापासून सुरुवात करायला सांगतो. त्यातल्या १५५ लेव्हल लहान आहेत आणि रचनाकाराचे श्रेय कायम ठेवून त्या वाटण्याची मुभा आहे.

आता उत्तराविषयी. सोकोबानचे उत्तर म्हणजे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चालींची लांबलचक माळ. ती जशीच्या तशी दाबली की पेट्या जागेवर जातात, पण जागेवर बसलेली पेटी मध्येच बाहेर का काढावी लागली, हे त्या माळेत कुठेच लिहिलेले नसते आणि या खेळाचा सगळा आनंद तर तेवढ्याच जागी आहे. माझी भाची एका लेव्हलवर तीन दिवस अडकली होती. तिला मी इतकेच सांगितले, की सगळ्या पेट्या जागेवर आहेत असे धर आणि त्या उलट्या ओढत मागे ये. तिने कागदावर टिंबे काढली, त्यांवर शेंगदाणे ठेवले आणि एकेक दाणा मागे ओढू लागली. दुसऱ्याच दाण्याला थांबून ती म्हणाली, ‘मामा, ही पेटी सगळ्यांत शेवटी यायला हवी!’ हे वाक्य मी तिला उत्तर पाठवून मिळाले नसते.