आठव्या अक्षरापाशी

मंगळवार, रात्र

आई जाऊन सहा आठवडे झाले. या दिवसांत मला धड प्रार्थना करता आलेली नाही. ‘हे बापा’ म्हणते आणि पुढचे शब्दच येत नाहीत. भेटायला येणारे म्हणतात, देवाची काहीतरी योजना असेल. त्यांची माया कळते, पण ते ऐकलं की मी आणखीच गप्प होते.

आज तिचं पवित्र शास्त्र, तिचं बायबल, उघडलं. खुणेची फीत विलापगीत या शोकगीतांच्या पुस्तकात होती, तिसऱ्या अध्यायावर. आजारपणात ती हे वाचत होती तर! मला वाटायचं, तिला भीती शिवतच नाही.

बुधवार

इ.स.पूर्व 586 मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं. त्या राखेतून आलेलं हे पुस्तक. पहिले चार अध्याय इब्री (हिब्रू) मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेले आहेत, अक्षरं 22. तिसऱ्या अध्यायात तर प्रत्येक अक्षराला तीन-तीन वचनं, म्हणून ती 66 झाली. सगळं उद्ध्वस्त झालेल्या माणसाने अक्षरांचा क्रम घट्ट धरून ठेवला होता, हे मला फार जवळचं वाटलं. पाचव्या अध्यायात वचनं 22च आहेत, पण क्रम सुटलेला आहे. तिथे त्याला तेवढंही जमलं नसेल का? मला तरी ते तसंच वाचावंसं वाटतं.

आईने पेन्सिलीने दोन वचनांखाली रेघ मारली आहे. 18व्या वचनात कवी म्हणतो, माझी आशा संपली. 21व्यात म्हणतो, हे मी मनात आणतो म्हणून मला आशा आहे. मधल्या दोन वचनांत काय बदललं? शहर जळलेलंच आहे, कोणी परत आलेलं नाही. त्याला फक्त देव कसा आहे ते आठवलं. त्याची दया संपत नाही, ती रोज सकाळी नवी होते. हे येतं आठव्या अक्षरापाशी. पुढे अजून चौदा अक्षरं आहेत आणि त्यांतही डोळ्यांतून पाण्याचे लोट वाहतातच.

मी इतके दिवस आधी रडणं थांबण्याची वाट बघत होते. मग विश्वास ठेवता येईल, असं धरून चालले होते. इथे तर दोन्ही एकाच अध्यायात आहे. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेकडे जाताना येशूही रडला. थोड्या वेळात आपण त्याला उठवणार, हे त्याला माहीत होतं, तरीही लाजराच्या बहिणीचे, मरीयेचे, अश्रू पाहून तो रडला. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, मनापासून आहे. पण म्हणून काही रिकाम्या खाटेकडे बघताना गळा दाटायचा थांबत नाही. दाटला तरी चालतो, हे मला या वहीत लिहून ठेवायचं आहे.

गुरुवार, पहाट

चारला जाग आली. आईची उठायची वेळ. वही घेतली आणि आपल्या मुळाक्षरांनी लिहायला लागले. क – किती दुखत होतं तिला. ख – खोकल्याच्या आवाजाने मी दचकून उठायचे, आता त्या आवाजासाठी कान लावून बसते. ग – गाणी, ती गुणगुणायची ती. घ – घर फार शांत आहे, प्रभू. पुढे गेले नाही. वही मिटली, ‘हे बापा’ म्हटलं. आज त्यापुढे ‘आईची आठवण येते’ एवढं म्हणता आलं.