आधी तास मोजा, मग दिवस

निरोध फाटला किंवा वापरलाच नव्हता, आणि आता झोप लागत नाही. अशा वेळी बरेच जण लैंगिक संबंधातून लागणाऱ्या आजारांसाठी दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून घेतात आणि अहवाल निगेटिव्ह आला की निश्चिंत होतात. त्या अहवालात कालच्या रात्रीबद्दल काहीच नसतं, त्याआधी काही होतं का एवढंच त्यातून कळतं. म्हणून संबंधाची तारीख आणि वेळ लिहून ठेवा. पुढचं सगळं तिथून मोजायचं आहे.

सगळ्यात घाई एचआयव्हीची. योनीमार्गे किंवा गुदमार्गे असुरक्षित संबंध आला असेल आणि जोडीदार बाधित असेल किंवा त्याची स्थिती माहीत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना ‘पेप’बद्दल, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी घ्यायच्या औषधांबद्दल विचारा. ही औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस रोज घ्यावी लागतात. ७२ तास ही शेवटची हद्द आहे, तोवर थांबायचं नसतं. सुरू करताना एचआयव्ही, मूत्रपिंड आणि हिपॅटायटिस बी तपासतात. हिपॅटायटिस बी आधीपासून असेल, तर यातली काही औषधं त्यालाही दाबून ठेवतात आणि ती अचानक थांबवली की यकृताची सूज उफाळू शकते. पेपच्या गोळीत डोल्युटेग्रॅविर हे औषध असेल तर अ‍ॅसिडिटीची अँटासिड, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी सोबत गिळू नका. ती पोटातच औषधाला धरून ठेवते, रक्तात नीट उतरू देत नाही. दोन्हींमध्ये किती तास ठेवायचे ते विचारून घ्या.

जोडीदार नियमित उपचार घेत असेल आणि त्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नसेल, तर संबंधातून एचआयव्ही पसरत नाही. चुंबन, मिठी, जखम नसलेल्या त्वचेला लागलेलं वीर्य यांनीही नाही. मुखमैथुनात एचआयव्हीचा धोका अगदी कमी, पण गनोरिया, सिफिलीस आणि हर्पीस त्यातून सहज लागतात, हे लोक विसरतात.

गर्भधारणेची शक्यता असेल तर आपत्कालीन गोळीचे तासही याच वेळी मोजा. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर तीही लगेच विचारा.

मग तपासणी. गनोरिया आणि क्लॅमिडियासाठी साधारण दोन आठवड्यांनी. पुरुषांनी लघवीचा नमुना देण्याआधी किमान एक तास लघवी करू नये, आणि धारेचा अगदी सुरुवातीचा भाग, २० ते ३० मिली, घ्यावा. मधली धार घेतली तर जंतू निसटतात. स्त्रियांसाठी योनीतला स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, जास्त भरवशाचा. संबंध मुखाने किंवा गुदमार्गे झाला असेल तर घशाचा, गुदाचा स्वॅब स्वतःहून मागा. नुसत्या लघवीत तिथला संसर्ग दिसत नाही. एचआयव्हीची प्रयोगशाळेतली अँटिजेन-अँटिबॉडी चाचणी (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडं दोन्ही शोधणारी) ४५ दिवसांनी केली की निकाल पक्का धरतात, बोटाच्या रक्तावरच्या झटपट चाचणीला ९० दिवस द्यावे लागतात. पेप घेतलं असेल तर हे दिवस कोर्स संपल्यापासून मोजतात. सिफिलीसचा व्रण १० ते ९० दिवसांत कधीही उठतो, दुखत नाही आणि आपोआप भरतो, त्यामुळे बरं वाटलं म्हणून ९० दिवसांची रक्ततपासणी टाळू नका.

मधल्या काळात उरलेली अँटिबायोटिक घेऊ नका. अर्धवट औषधाने लक्षणं दबतात, आजार तसाच राहतो आणि तपासणी चुकते. लिंग पुन्हा पुन्हा दाबून स्राव येतोय का हे पाहण्याची सवय तर फार त्रासदायक. त्या दाबानेच मूत्रमार्ग चुरचुरतो, आणि माणूस तेच लक्षण समजून आणखी घाबरतो. ठरलेल्या दिवशी चाचणी निगेटिव्ह आली आणि मध्ये नवा संबंध नसेल, तर तीच चाचणी पुन्हा करायची गरज नाही. तरीही भीती जात नसेल, तर आता उपचार त्या भीतीवर हवा, आणि तो मिळतो. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

चाचणी पॉझिटिव्ह आली तर जोडीदाराला कळवा. गनोरिया किंवा क्लॅमिडियाचा उपचार दोघांनी घेतल्यावर ७ दिवस संबंध ठेवू नका आणि साधारण ३ महिन्यांनी पुन्हा तपासा. एकानेच औषध घेतलं तर तोच संसर्ग परत येतो.